वानखडे मॅडमचा शनिवारचा शब्द

वानखडे मॅडम बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघत नसत, कानाकडे बघत. तुम्ही सुट्टीचा अर्ज घेऊन त्यांच्यापुढे उभे राहिलात, तर त्यांची नजर तुमच्या उजव्या कानाच्या पाळीवर असायची. नवा माणूस गोंधळून आपला कान चाचपून बघायचा. अकोल्याच्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात याचे दोन अर्थ लावले जात. पुरुष मास्तरांच्या मते बाई शिष्ट होती. मुलांच्या मते मॅडमना भिंतीपलीकडचंही दिसत असे, त्यामुळे समोर बघायची त्यांना गरज नव्हती. खरं कारण तिसरंच होतं आणि सगळ्या कॉलेजात ते पहिल्यांदा मला कळलं. न कळतं तर बरं झालं असतं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो आहे. पण दोष कळण्याचा नव्हता.

मी सातारा जिल्ह्यातला. शिक्षणसेवक म्हणून भौतिकशास्त्र शिकवायला अकोल्यात आलो. तीन वर्षं नीट काढायची, मग मान्यता, मग कायम, असा तो मामला. मॅडम तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या. मूर्तिजापूरजवळच्या एका खेड्यातल्या शेतकरी घरातल्या. लग्न केलं नव्हतं. खळ केलेली सुती साडी, मनगटावर वडिलांचं मोठं घड्याळ आणि चष्म्याच्या घरात चष्म्याऐवजी एक जाड भिंग. इंग्रजी असं बोलायच्या की ऐकणाऱ्याने आपली पाठ सरळ करावी. आणि मराठीवर आल्या की थेट मूर्तिजापूर. एकदा तपासणीला पाहुणे येणार होते, तेव्हा प्राचार्यांनी त्यांना जरा प्रमाण भाषेत बोलायची विनंती केली. मॅडम म्हणाल्या, "सर, पाहुण्यायले इंग्रजी समजत असन त इंग्रजीच बोलते. मराठी बोलाची त माह्या मायचीच बोलीन." प्राचार्यांनी विषय सोडून दिला.

वर्गाच्या दारात त्या क्षणभर थांबत, मगच आत येत. फळ्यावरचं त्यांचं अक्षर एवढं मोठं असायचं की एका फळ्यात चार शब्द मावायचे. जुने शिपाईकाका मला म्हणाले होते, "मॅडमचं अक्षर दर साली वाढून राह्यलं, बाप्पा. आता एक दिवस भिंत लागते त्यायले." आम्ही हसलो होतो. मीही हसलो होतो.

शनिवारी सकाळचं कॉलेज असायचं आणि शेवटचा तास मॅडमचा. त्या दिवशी पुस्तक उघडायचं नाही, एक शब्द घ्यायचा. हा शब्द कोणत्या गावचा, कोणाच्या घरात वाढला, कोणाच्या संगतीनं बिघडला किंवा सुधारला, असं सगळं त्या सांगत. मुलं त्याला 'शब्दाची पत्रिका' म्हणत. माझी प्रयोगशाळा शेजारीच होती आणि मधल्या भिंतीला वर झरोके होते, त्यामुळे मीही त्यांचा चोरून विद्यार्थी होतो. एका शनिवारी त्यांनी फळ्यावर 'गॉसिप' लिहिलं. खडूचा आवाजच तीन मिनिटं चालला.

"काय अर्थ आहे राजेहो?"

"चुगल्या, मॅडम!"

"कोन करते?"

"बाया!" सगळा वर्ग हसला. मुलीसुद्धा हसल्या.

"बसा. आता ऐका. इंग्रजी भाषा पाळण्यात होती तेव्हाची गोष्ट आहे. तेव्हा 'सिब' म्हणजे सोयरा, नात्याचा माणूस. तुमी आज सिबलिंग म्हणता ना, तो त्याच घरचा. अन् 'गॉड' त तुमाले माहीतच आहे. तिकडं लेकराचा बाप्तिस्मा होते. तेव्हा मायबापाच्या बाजूनं एक जन उभा राहते. ह्या लेकराची जिम्मेदारी माह्यावर, म्हणते. तो गॉड-सिब. देवानं जोडलेला सोयरा. मंग हळूहळू जिवाच्या दोस्तालेच ते नाव लागलं. बाई असो का माणूस. मंग आल्या बाळंतिणीजवळच्या बाया. दार बंद, आत मैत्रिणी, शेजारणी. कोनी हात धरून राहिली, कोनी पाणी पाजून राहिली. त्या गॉसिप. अन् माणसं बाहेर ओसरीत. त्यायले वाटे, आत एवढं काय बोलून राहिल्या असतीन? बस. तिथून शब्द घसरला. आधी त्या बाया, मंग त्यायच्या गप्पा, मंग कोनाच्याही फालतू गप्पा. मान होता तोवर शब्द दोघायचा होता. बदनाम झाला, अन् बायायच्या पदरात टाकला."

मागून एक पोरगा म्हणाला, "मंग ह्या शब्दाची त इज्जतच गेली, मॅडम."

"शब्दाची कायले जाईन? बाहेर बसून ज्यायनं नाव ठेवलं त्यायची गेली."

मी झरोक्याखाली उभा राहून मनापासून मान डोलावली होती. खाली आमच्या पुरुषांच्या स्टाफरूममध्ये लांब टेबलाभोवती, पंख्याखाली, रोज दीड वाजता जे चालायचं त्याला आम्ही 'चर्चा' म्हणत असू. कोणाची बदली कोणी केली, कोणाच्या मुलीचं कुठे जमत नाही, कोण किती वाजता कोणाच्या घरी दिसला. मी तिथे नवखा होतो, पुण्याकडचा म्हणून जरा लांबच ठेवलेला. माझ्याकडे सांगण्यासारखं काही नसे. डबा संपवायचा आणि दुसऱ्यांच्या हसण्यात हसायचं, एवढंच माझं काम.

पहिल्याच वर्षाच्या मे महिन्यातली गोष्ट. वंदना, माझी बायको, आठव्या महिन्यात होती. चार दिवसांनी तिला साताऱ्याला पोचवायचं होतं, तिकिटं काढून ठेवली होती. भर दुपारी तिच्या पोटात दुखू लागलं. अकोल्याच्या मे महिन्याच्या दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. मॅडम आमच्याच कॉलनीत दोन घरं सोडून राहत. मी त्यांच्या दाराशी गेलो तेव्हा माझ्या पायात चप्पल नव्हती हे त्यांनीच मला सांगितलं. डोक्यावर ओला टॉवेल, हातात छत्री घेऊन त्या आल्या आणि तिथून पुढे सगळं त्यांच्या हातात गेलं. दवाखान्यात नर्सने विचारलं, "तुम्ही पेशंटच्या कोण?"

"मी तिची गॉसिप. लिहा."

नर्सने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि कागदावर 'मावशी' लिहिलं.

संध्याकाळी सहाला मुक्ता झाली. तोवर पाच तास त्या आत वंदनाचा हात धरून होत्या आणि मी बाहेर बाकावर होतो. नंतर मी वंदनाला विचारलं, आत एवढं काय बोलत होता? ती म्हणाली, "ते तुम्हाला नाही सांगायचं." बारशाला माझी बहीण येऊ शकली नाही. मग आत्याच्या जागी मॅडम बसल्या, बाळाच्या कानात त्यांनीच नाव सांगितलं, आणि कॉलनीतल्या बायकांनी रिवाजाप्रमाणे त्यांच्या पाठीत असे गुद्दे घातले की त्या म्हणाल्या, "आता पेन्शनीपर्यंत काही ही पाठ सरळ होत नाही."

तेव्हापासून वंदना त्यांना 'ताई' म्हणू लागली. तिचं अकोल्यात दुसरं कोणी नव्हतं, आणि मला वाटतं त्यांचंही नव्हतं. त्या नजरेचं खरं कारण तिनेच ओळखलं. मुक्ताला टोपडं शिवायला घेतलं तेव्हा मॅडम सुईच्या नेढ्याकडे न बघता सुईच्या बाजूला बघत होत्या आणि दोरा ओवला जात नव्हता. वंदनाने सुई हातातून काढून घेतली आणि सरळ विचारलं. मॅडमनी सांगून टाकलं. नागपूरला दाखवून झालं होतं, उपाय नव्हता. "जिथं पाहते ना वंदना, तिथंच गड्डा पडते. बाजूचं दिसते. माणूस दिसते, त्याचं तोंड नाही दिसत." म्हणून ती कानाकडची नजर. मुलांना त्या आवाजावरून आणि चालण्यावरून ओळखत. धडे पाठ होते, शब्द पाठ होते. अडत होतं ते फक्त एका ठिकाणी, पेपर तपासताना. निवृत्तीला तेव्हा पाच-सहा वर्षं होती. त्यांना एवढंच हवं होतं की शेवटचा तास घेऊन स्वतःच्या पायांनी वर्गाबाहेर पडावं. "मंग जाऊ दे डोये," त्या म्हणाल्या होत्या, "तवा माह्यं काही अडत नाही."

वंदनाने हे मला जेवताना सांगितलं आणि म्हणाली, "कुठे बोलू नका हं." मी म्हणालो, "मी कशाला बोलतोय!"

पुढच्या सहामाहीपासून पेपरांचे गठ्ठे आमच्या घरी येऊ लागले. मी एकदा ते काम बसून पाहिलं आहे. वंदना उत्तर वाचायची, चुकलेल्या स्पेलिंगसकट, अक्षर अक्षर. मॅडम डोळे मिटून ऐकायच्या. मधेच हात वर करायच्या, "थांब. हे वाक्य परत वाच. गाइडातलं नाही हे, पोरीचं सोताचं आहे. अर्धा मार्क जास्ती दे." वंदना लाल पेनाने आकडा लिहायची, बेरीज दोनदा मोजून दाखवायची. शेवटी मॅडम सही करायच्या, ओळीच्या बोटभर वर. एका पेपराला वीस मिनिटं. कोणत्याही डोळस मास्तराला मी एवढ्या निगुतीने पेपर तपासताना पाहिलेलं नाही, आणि त्यात मी स्वतःलाही धरतो.

तिसऱ्या वर्षीच्या सहामाहीनंतरची एक दुपार. दीड वाजलेला, टेबलावर डबे उघडलेले. पेपर कोणाचे किती राहिले यावर बोलणं चाललं होतं. कोणीतरी मला म्हणालं, "जाधव सर, तुमी त काही बोलतच नाही. घरी तरी बोलता का वहिनीसंगं?" सगळे हसले. आणि मी बोललो. म्हणालो, "आमच्या घरी सध्या इंग्रजीचा बोर्ड भरलाय. मंडळी पेपर वाचते, वानखडे मॅडम डोळे मिटून मार्क सांगतात. बी. ए. अर्धवट सोडलेली परीक्षक!"

टेबल खदखदून हसलं. एकाने मला स्वतःच्या डब्यातली चटणी वाढली. तीन वर्षांत पहिल्यांदा सगळे माझ्याकडे बघत होते आणि मला बरं वाटत होतं. ते बरं वाटणं मला अजून आठवतं, चटणीच्या चवीसकट. डोळ्यांचं मी काही बोललो नाही, ही सबब मी बरेच दिवस जवळ बाळगली. खरं तर तेवढंच बोललो असतो तर त्यांचा बचाव झाला असता.

आठ दिवसांनी ती गोष्ट शिपाईकाकांकडून मला परत मिळाली. तोवर तिला हातपाय फुटले होते. वानखडे मॅडम पेपर उघडूनच बघत नाहीत, झोपून मार्क सांगतात, शेजारणी वाटेल ते लिहितात. मग एका पालकाचा अर्ज आला. त्यांच्या मुलीला कमी मार्क पडले होते. मग संस्थेचे सचिव आले. प्राचार्यांच्या खोलीत चौकशी बसली आणि तिचं इतिवृत्त लिहायला मला बोलावलं, कारण माझं अक्षर चांगलं होतं.

मॅडम आल्या, दारात क्षणभर थांबल्या, बसल्या. सचिवांनी विचारलं. त्या म्हणाल्या, "पेपर वाचून दुसऱ्यानं दाखवले. तपासले मी. मार्क माहे आहेत. कोनताही पेपर काढा, मी पुन्हा ऐकून मार्क सांगते, फरक पडला त बोला."

"वाचून का घ्यावे लागले?"

त्यांनी मांडीवरचं चष्म्याचं घर पदराखाली झाकलं. डोळ्यांचं सांगितलं तर वर्ग जाईल, एवढंच त्यांना माहीत होतं. नोकरीत असताना अधू झालेल्या माणसाला काढता येत नाही, असा कायदा तेव्हाही होता, हे मला पुढे एका वकील मित्राने सांगितलं. त्या खोलीत ते कोणालाच ठाऊक नव्हतं, किंवा कोणाला सांगायचं नव्हतं.

"कोण वाचत होतं, त्यांचं नाव?"

"ते सांगणार नाही."

"मॅडम, नाव सांगितलं तर प्रकरण हलकं होईल."

"माह्यं हलकं होईन. तिच्या घरचं जड होईन."

हे त्या माझ्यापासून चार हातांवर बसून म्हणाल्या. मी मान खाली घालून लिहिलं, 'वाचून दाखवणाऱ्या व्यक्तीचे नाव सांगण्यास श्रीमती वानखडे यांनी नकार दिला.' वळणदार अक्षरात, शिरोरेघ सरळ. माझ्या मान्यतेचा कागद त्याच आठवड्यात शिक्षण खात्यात गेला होता. उठून 'ती माझी बायको' एवढे तीन शब्द म्हणायचे होते.

घरी वंदनाला मी सांगायच्या आधीच कॉलनीतून कळलं होतं. तिने विचारलं, "तुम्हीच ना?" मी हो म्हणालो नाही, नाही म्हणालो नाही. ती म्हणाली, "मी उद्या कॉलेजात येते आणि सांगते, मी वाचत होते." मी तिच्यापुढे हात जोडले. मान्यता अडकेल, म्हणालो. कायम झालो की दोघं जाऊ, त्यांच्या पाया पडू. आणि तोवर त्यांच्या घरी जाऊसुद्धा नको, लोक बघतात. ती मुक्ताला कडेवर घेऊन खिडकीशी उभी राहिली. तिथून दोन घरांपलीकडचा तो दरवाजा दिसायचा. ती गेली नाही. त्यानंतर दोन महिने ती माझ्याशी कामापुरतं बोलली आणि ते मला रास्तच वाटलं.

मॅडमनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. घेतली म्हणजे सचिवांनी कागद पुढे सरकवला आणि त्यांनी ओळीच्या बोटभर वर सही केली. निरोप समारंभ झाला नाही. एका शनिवारी शेवटच्या तासाला वर्गात कोणी आलं नाही, मुलांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि मग ओरडत घरी गेली. उन्हाळ्यात त्या घर सोडून भाचीकडे अमरावतीला गेल्या. मला मान्यता जूनमध्ये आली. त्या दिवशी वंदना एकटीच त्यांच्या घरापर्यंत जाऊन आली. दाराला कुलूप होतं, ते आमच्या खिडकीतूनही दिसायचं. नंतर मी तिला चारदा म्हणालो असेन, अमरावती काही लांब नाही, जाऊ. ती म्हणायची, "आता कुठल्या तोंडाने जाऊ?"

गेल्या वर्षी बोर्डाच्या एका बैठकीसाठी मी अमरावतीला गेलो होतो. मॅडमचा एक जुना विद्यार्थी तिथे भेटला, त्याने पत्ता सांगितला. एका सहकाऱ्याची मोटारसायकल मागून घेतली आणि गेलो. वंदनाला फोन केला नाही. राजापेठेमागच्या एका गल्लीत भाचीचं घर होतं. मॅडम पुढच्या खोलीत खुर्चीवर बसल्या होत्या. केस सगळे पांढरे. आता उजेड तेवढा कळतो, असं भाचीने दारातच सांगितलं. मी "नमस्कार मॅडम" म्हणालो.

"जाधव सर? या या. साताऱ्याचा नमस्कार बरोबर ओळखू येते."

त्यांनी मुक्ताचं विचारलं. पुण्यात इंजिनिअरिंगला आहे म्हटल्यावर हसल्या, "तिच्या पायी माह्यी पाठ गेली." चहा आला. मी कप खाली ठेवला आणि सतरा वर्षं पाठ केलेलं वाक्य काढलं. "मॅडम, त्या वेळी स्टाफरूममध्ये ती गोष्ट मी..."

"माहीत आहे मले. तुमच्या घरात होणारी गोष्ट, तुमच्याच घरातून बाहेर पडली असन ना? वंदना सांगणारी नव्हती. मंग राहिलं कोन?" त्यांनी चहाचा घोट घेतला. "त्याचं मी मनात धरलं नाही, सर. नवी नोकरी, परका मुलूख. माणूस बोलून जाते. चहा घ्या, थंडा होऊन राहिला."

मला वाटलं होतं, हे ऐकलं की मी मोकळा होईन. मी कप उचलला आणि कोमट चहा एका दमात संपवला. मग त्याच म्हणाल्या, अगदी हळू, "पण वंदना काऊन नाही आली? मी वाट पाहिली. सामान बांधलं त्या दिवशीही पाहिली. तिले वाटलं असन का, मी तिचं नाव सांगितलं म्हणून? तिले सांगा, नाही सांगितलं मी."

आता बोलायला हवं होतं. ती येणार होती, मी अडवली, ती खिडकीत उभी होती. त्यांनी माफ केलं होतं ते माझं बोलून जाणं, अडवणं नव्हे. मी म्हणालो, "नाही नाही, तसं काही नाही. मुक्ता लहान होती... घरच्या व्यापात..."

"हाव," त्या म्हणाल्या. "लेकरू असलं की होते तसं." आणि त्यांनी विषय बदलला.

निघालो तेव्हा त्या भिंतीला हात लावत फाटकापर्यंत आल्या. मी मोटारसायकलजवळ उभा राहिलो. किल्ली हातात होती, ती लावलीच नाही. परत दोन पावलं गेलो. आम्हा दोघांत फक्त फाटक होतं. तेवढ्यात शेजारच्या घरापुढे कोणीतरी मोटारसायकल सुरू केली आणि गल्लीच्या टोकाकडे निघून गेलं. मॅडमनी त्या आवाजाच्या दिशेने हात हलवला. "वंदनाले घेऊन या, सर," त्या रिकाम्या गल्लीला मोठ्याने म्हणाल्या. आवाज पार मिटेपर्यंत हात वर धरून उभ्या राहिल्या, मग वळल्या, भिंत चाचपत आत गेल्या आणि दार लावून घेतलं.

मी मोटारसायकल ढकलत गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत नेली आणि तिथे गेल्यावर सुरू केली.